टर्बो खरंच गेलाय का? जुन्या ऑक्टाव्हिया आरएसचा बिघाड शोधायचा कसा आणि दुरुस्त करायचा कसा

पुण्याहून सोलापूरकडे येताना टेंभुर्णी मागे पडते, समोर उसाची ट्रॉली येते, ओव्हरटेकसाठी अॅक्सिलरेटर दाबला जातो आणि गाडी पुढे सरकतच नाही. इंजिन बंद पडलेलं नसतं. मिसही मारत नसतं. फक्त नेहमीचा जोर नसतो. गॅरेजमध्ये नेल्यावर बहुतेक वेळा एका वाक्यात निकाल लागतो, "साहेब, टर्बो गेला."

वीस वर्षं जुन्या गाडीच्या मालकासाठी हे वाक्य महागडं ठरतं. नवा टर्बो, गॅस्केट, मजुरी असा सगळा हिशोब केला की कधीकधी गाडीच्या बाजारभावाचा मोठा हिस्सा तिथेच संपतो. अनेकजण इथेच गाडी भंगारात काढायचा विचार करतात. गंमत अशी की जोर कमी झालेल्या बऱ्याच गाड्यांमध्ये टर्बो धडधाकट असतो. फाटलेला असतो एखादा रबरी पाइप. याच्या उलटही घडतं. टर्बो खरोखर गेलेला असतो, नवा बसवला जातो, पण तो का गेला हे कुणी शोधत नाही आणि काही महिन्यांत नवाही जातो.

म्हणून टर्बो खोलण्याआधी काय तपासायचं आणि खोलल्यावर काय शोधायचं, ते समजून घेऊ. उदाहरणासाठी महाराष्ट्रातच जोडली गेलेली आणि शौकिनांनी अजून जपलेली एक गाडी घेतली आहे, स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस.

ही गाडी कोणती?

स्कोडाने २००१ मध्ये औरंगाबादजवळच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा एमआयडीसीत ऑक्टाव्हिया जोडायला सुरुवात केली. तेव्हा ती ओळखली जायची डिझेल इंजिनासाठी. २००४ मध्ये तिची आरएस ही आवृत्ती आली. १.८ लिटरचं, २० व्हॉल्व्हचं, टर्बो बसवलेलं पेट्रोल इंजिन आणि १५० हॉर्सपॉवर. भारतात कारखान्यातूनच टर्बो-पेट्रोल इंजिन घेऊन विकल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या मोटारींपैकी ही एक. युरोपातल्या आरएसला १८० हॉर्सपॉवर होते, आपल्याकडे थोडं सौम्य इंजिन आलं. तरी त्या काळच्या आपल्या रस्त्यांवर ही चार दरवाजांची स्पोर्ट्स कारच होती.

हे १.८ टर्बो इंजिन फोक्सवॅगन समूहाने जगभर फोक्सवॅगन, ऑडी, सिआट आणि स्कोडाच्या असंख्य गाड्यांत वापरलं. मालकाच्या दृष्टीने ही सर्वांत चांगली बातमी. इंजिन इतकं पसरलेलं असल्यामुळे त्याच्या खोडी सगळ्या जगाला पाठ आहेत आणि टर्बोचे सुटे भाग आजही मिळतात.

टर्बो करतो काय?

इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एका छोट्या चाकाला फिरवतो. त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा ओढून दाबाने इंजिनात ढकलतं. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणजे जास्त ताकद. आल्फ्रेड ब्युची या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. मोटारींत टर्बो यायला मात्र १९६२ उजाडलं.

कल्पना सोपी असली तरी तिचे आकडे घाबरवणारे आहेत. सोलापूरची प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी १९९२ पासून जगभरच्या मोटार कंपन्यांसाठी कॅमशाफ्ट बनवते, त्यामुळे इंजिनातल्या फिरत्या भागांची नजाकत या शहराला नवी नाही. पण कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त साडेतीन हजारांच्या आसपास फेरे. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड लाख किंवा त्याहूनही जास्त फेरे मारतो, तेही एका बाजूला नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपासचा धूर असताना. एवढ्या वेगात धातूवर धातू घासून चालणारच नाही. शाफ्ट बेअरिंगमध्ये ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. हा थर टिकला तर टर्बो इंजिनाइतका टिकतो. काही सेकंद तुटला तर बेअरिंग खाल्लं जातं.

दाब किती द्यायचा हे टर्बो स्वतः ठरवत नाही. वेस्टगेट नावाची एक झडप जास्तीचा धूर चाकाला बगल देऊन सोडून देते. ती झडप ढकलायला अॅक्च्युएटर असतो, अॅक्च्युएटरकडे किती हवा जाईल हे एन७५ नावाचा छोटा इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह ठरवतो आणि एन७५ ला हुकूम देतो इंजिनाचा कॉम्प्युटर. पाय अचानक उचलला की दाबलेली हवा परत फिरवायला डायव्हर्टर व्हॉल्व्ह असतो. या सगळ्यांना जोडणारे अर्धा डझन पाइप आणि त्यांचे क्लॅम्प. म्हणजे जोर कमी होण्याच्या डझनभर जागा आहेत आणि टर्बो त्यातली फक्त एक.

आधी स्कॅनर, मग पाना

पहिलं काम फॉल्ट कोड वाचण्याचं. साधा स्कॅनर चालेल, पण फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांचं खास सॉफ्टवेअर असलेलं गॅरेज मिळालं तर उत्तम, कारण चालत्या गाडीचे आकडे त्यातच नीट दिसतात.

पी०२९९ म्हणजे मागितला तेवढा दाब मिळत नाही. पी०२३४ म्हणजे गरजेपेक्षा जास्त दाब. स्कोडाचा स्वतःचा १७७०५ हा कोड सांगतो की टर्बो आणि थ्रॉटल यांच्यामध्ये कुठेतरी दाब गळतोय. हा शेवटचा कोड दिसला तर टर्बोला हात लावण्याआधी पाइप तपासायचे. कोडमध्ये "बूस्ट" हा शब्द दिसला म्हणून टर्बो बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखं आहे.

आता एक सोपी, फुकटची तपासणी. इग्निशन चालू ठेवून इंजिन बंद असताना बूस्ट सेन्सर किती दाब दाखवतो ते बघायचं. तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. पुस्तकात समुद्रसपाटीचा आकडा असतो, १०१३ मिलिबार. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच आहे, इथे ९५० ते ९६० मिलिबार दिसणं अगदी बरोबर. हे माहीत नसलेला माणूस चांगला सेन्सर बदलून बसतो. उलट इथे सेन्सर १०५० दाखवत असेल, तर तो खोटं बोलतोय आणि त्याच्या भरवशावर कॉम्प्युटरही दाब कमी ठेवतोय.

त्यानंतर रस्त्यावरची चाचणी. मोकळा रस्ता, तिसरा गिअर, दोन हजार आरपीएमपासून पूर्ण अॅक्सिलरेटर. गाडी एकाने चालवायची आणि लॅपटॉप दुसऱ्याने सांभाळायचा, दोन्ही कामं एकट्याने करायची नाहीत. सॉफ्टवेअरमधल्या ११५ नंबरच्या गटात कॉम्प्युटरने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब शेजारीशेजारी दिसतात. आरएसच्या या इंजिनात टर्बो बाहेरच्या हवेवर अर्धा बार किंवा त्याहून थोडा जास्त दाब देतो.

मागणी आणि पुरवठा यांत मोठी तफावत असेल तर गळती, वेस्टगेट किंवा टर्बो. मागणीच कमी असेल तर टर्बोचा संबंध नाही. कॉम्प्युटरने दुसऱ्याच कारणाने हात आखडता घेतलेला असतो. आणि दोन्ही आकडे जुळत असूनही गाडी ओढत नसेल, तर बिघाड इंजिनात किंवा सायलेन्सरमध्ये शोधायचा.

त्याच वेळी हवेचं मोजमाप करणाऱ्या एअर मास सेन्सरचा सर्वांत मोठा आकडाही टिपून ठेवायचा. तो सेकंदाला किती ग्रॅम हवा आत गेली ते सांगतो. मेकॅनिक लोकांचा ठोकताळा असा की त्या आकड्याला १.२५ ने गुणलं की अंदाजे हॉर्सपॉवर मिळते. १५० हॉर्सपॉवरच्या गाडीत १२० च्या आसपास यायला हवेत. दाब नीट आहे पण हवा ८० वरच अडकली, तर सेन्सर मळलेला किंवा मेलेला असण्याची शक्यता मोठी. ऑइल लावलेले फॅन्सी कोन फिल्टर या सेन्सरचे जुने शत्रू. धुळीच्या गावात तर कागदी मूळ फिल्टरच बरा.

इथे एक आजच्या काळातली मेख आहे. या इंजिनाची जुनी मॅन्युअल वाचून कॉम्प्युटर किती टक्के जास्त पेट्रोल देतोय ते बघितलं जातं आणि आकडा अधिक दिसला की "हवा गळतेय" असं निदान होतं. पण २०२५ पर्यंत आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलंय. इथेनॉलला जळायला कमी हवा लागते, त्यामुळे तेवढ्याच हवेसाठी इंजिनाला सुमारे ७ ते ८ टक्के इंधन जास्त द्यावं लागतं. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको. तेव्हा गाडी धावताना अधिक ६-७ टक्के दिसले म्हणून गळती शोधत बसायचं कारण नाही. अधिक १५ दिसले तर मात्र शोधायचीच. शिवाय २००४ च्या गाडीचे इंधनाचे रबरी पाइप या पेट्रोलसाठी बनवलेले नाहीत. तेही एकदा हाताने चाचपून बघायला हवेत.

सर्वांत स्वस्त बिघाड, सर्वांत जास्त वेळा

वीस वर्षांची उष्णता खाल्लेलं रबर कडक होतं आणि मग चिरतं. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. चीर बहुतेक वेळा पाइपच्या खालच्या बाजूला असते, वरून काही दिसत नाही. इंजिन उभं असताना ती मिटलेली असते आणि दाब आला की उघडते. त्यामुळे नुसत्या नजरेने तपासून "पाइप चांगले आहेत" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही.

खरी परीक्षा दाबाची. टर्बोकडे हवा नेणाऱ्या पाइपच्या तोंडाला प्लंबिंगच्या दुकानातलं योग्य मापाचं पीव्हीसी बूच बसवायचं, त्याला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह लावायचा आणि कंप्रेसरची हवा सोडायची. पण थेट सोडायची नाही. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरमध्ये आठ-दहा बार दाब असतो, इथे अर्धा ते पाऊण बार पुरतो. मध्ये रेग्युलेटर हवाच. क्रँककेसमधून येणारा श्वासाचा पाइप वेगळा करून बंद करायचा, नाहीतर दाब इंजिनाच्या पोटात जाऊन चांगली ऑइल सील बाहेर ढकलली जातात. मग सांध्यांवर साबणाचं पाणी मारत जायचं. बुडबुडे आले की बिघाड सापडला. गॅरेजमध्ये धुराचं मशीन असेल तर तेही चालतं, फक्त काही चिरा कमी दाबावर उघडत नाहीत हे लक्षात ठेवायचं.

या गाडीत नक्की बघायच्या जागा म्हणजे इंटरकूलरच्या दोन्ही तोंडांचे पाइप, डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पाइप, एन७५ च्या बारीक नळ्या आणि इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेलं क्रँककेसच्या नळ्यांचं जाळं. इंटरकूलर पुढच्या बंपरच्या कोपऱ्यात, चाकाच्या पुढे बसतो. दगड, चिखल, मेलेले किडे सगळं त्याच्याच नशिबी. त्याच्या जाळीत माती भरली की हवा थंड होत नाही आणि मे महिन्याच्या दुपारी गाडी जड वाटते. ते "टर्बो गेला" म्हणून गॅरेजला येतं. काम असतं बंपर काढून इंटरकूलर धुण्याचं.

डायव्हर्टर, एन७५ आणि वेस्टगेट

डायव्हर्टर व्हॉल्व्हच्या आत रबरी पडदा असतो आणि तो फाटतो. तपासणी दोन मिनिटांची. व्हॉल्व्ह काढायचा, आतला पिस्टन बोटाने दाबून धरायचा, वरच्या बारीक नळीचं तोंड दुसऱ्या बोटाने बंद करायचं आणि पिस्टन सोडायचा. तो तिथेच अडकून राहिला तर पडदा शाबूत. हळूहळू परत आला तर फाटलेला. भाग स्वस्त आहे, पण डुप्लिकेटही भरपूर मिळतात, त्यामुळे घेतानाच ही बोटांची परीक्षा दुकानात करून बघावी.

एन७५ वर संशय असेल तर तो गणितातून बाहेर काढता येतो. अॅक्च्युएटरला टर्बोचा दाब थेट जोडला की फक्त स्प्रिंग जेवढा दाब ठरवते तेवढा बूस्ट मिळतो, सामान्यपेक्षा कमी. तो जर स्थिर मिळत असेल तर टर्बो आणि वेस्टगेट ठीक आहेत, गडबड नियंत्रणात आहे.

वेस्टगेटची झडप नीट बसत नसेल किंवा तिच्या दांड्याला ढिलाई आली असेल तर आयडलला पत्रा वाजल्यासारखा खडखडाट येतो आणि बूस्ट उशिरा चढतो. अॅक्च्युएटरला हातपंपाने दाब द्यायचा. दांडा सुरळीत सरकला पाहिजे आणि दाब धरून राहिला पाहिजे. इथे एक जुगाड सर्रास होतो, दांड्याचा नट आवळून झडप घट्ट करणं. काही दिवस गाडी पळते. मग पी०२३४ येतो, कॉम्प्युटर गाडीला सुरक्षित मोडमध्ये टाकतो, आणि ज्या गाडीत कुणी कॉम्प्युटरशीही खेळ केलेला असतो तिथे पिस्टन वितळायची वेळ येते.

टर्बोच्या नावावर खपणारे दुसरे बिघाड

या इंजिनाच्या इग्निशन कॉइल जगभर बदनाम आहेत. फोक्सवॅगन समूहाला २००३ च्या सुमारास त्या मोठ्या संख्येने बदलून द्याव्या लागल्या होत्या. कॉइल कमजोर असेल तर गाडी हळू चालवताना काही कळत नाही, बूस्ट आला की दाबाखाली ठिणगी विझते आणि गाडी गचके देते. प्लगचं अंतर जास्त झालं तरी हेच होतं.

दुसरा लपलेला चोर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आतला मधाच्या पोळ्यासारखा भाग तुटून अडकला की धूर बाहेर पडत नाही, धूर अडला की टर्बो फिरत नाही. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात दाबमापक लावला की उत्तर मिळतं. थकलेला पेट्रोल पंप आणि तुंबलेला फिल्टर हेही याच यादीत.

धूर, ऑइल आणि "प्ले"

आता खरा टर्बो. सायलेन्सरमधून निळा धूर येणं म्हणजे ऑइल जळतंय. पण कुठलं? गाडी दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवून मग अॅक्सिलरेटर दिल्यावर निळा ढग आला तर टर्बोवर संशय घेता येतो, तसाच तो व्हॉल्व्हच्या सीलवरही घेता येतो. सरळ धावताना सतत धूर येत असेल तर पिस्टन रिंगही तपासायला हव्यात, म्हणजे कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा पेट्रोल जास्त. तो पाइप फाटल्याची खूण असू शकतो.

इंटरकूलरच्या पाइपमध्ये ऑइलचा पातळ थर दिसला की लगेच टर्बोला फाशी दिली जाते. हा थर क्रँककेसच्या वाफेतून येतो आणि बऱ्याच चांगल्या गाड्यांतही असतो. वाटीभर ऑइल ओघळलं तर गोष्ट वेगळी.

तेव्हाही थांबून एक गोष्ट समजून घ्यायला हवी. टर्बोची सील ही बाथरूमच्या नळाच्या वॉशरसारखी रबरी नसतात. ती धातूच्या बारीक रिंगा असतात आणि दोन्ही बाजूंच्या दाबातल्या फरकावर काम करतात. टर्बोतून ऑइल परत जाणारा पाइप फक्त उतारावर चालतो, त्याला पंप नाही. तो पाइप तुंबला किंवा क्रँककेसमध्ये दाब साठला, तर ऑइलला खाली जायला जागा उरत नाही आणि ते चांगल्या सीलमधूनही बाहेर येतं. असा टर्बो बदलला तर नवाही पहिल्या दिवसापासून धूर ओकतो आणि दोष मात्र दुकानदाराच्या "खराब मालावर" जातो.

शेवटी हाताची परीक्षा. इंजिन थंड असताना टर्बोचा हवेकडचा पाइप काढायचा आणि शाफ्टचं टोक दोन बोटांत धरायचं. आडवा, म्हणजे बाजूला, तो थोडा हलतोच. कारण इंजिन बंद असताना ऑइलचा थर नसतो आणि बेअरिंग मुळातच सैल असतं. हा हलका "प्ले" बघून चांगले टर्बो काढून टाकले जातात. पाहायचं असतं ते हे की चाकाची पाती घराला लागतात का. लागली असतील तर पात्यांच्या कडा आणि घराची भिंत चकचकीत ओरखडलेली दिसते. पुढे-मागे, म्हणजे शाफ्टच्या दिशेने, मात्र हाताला जाणवेल इतकी हालचाल असता कामा नये. ती असेल, किंवा पातं वाकलेलं-तुटलेलं असेल, तर टर्बो खरोखर गेलाय.

अशा वेळी "घरापर्यंत जाऊ" हा विचार सोडून द्यायचा. शाफ्ट तुटला तर ऑइल पंप पूर्ण दाबाने ऑइल सायलेन्सरमध्ये फेकत राहतो आणि इंजिन कोरडं पडून बसू शकतं. तुटलेली पाती इंटरकूलरमार्गे सिलिंडरकडे निघतात. दाट निळा धूर आणि ऑइलचा लाल दिवा एकत्र दिसले की इंजिन बंद करून टो व्हॅन बोलवायची. टर्बोच्या खर्चात इंजिनाचा खर्च मिळवला की ही गाडी वाचत नाही.

टर्बो मारला कुणी?

बहुतेक वेळा उत्तर ऑइल. अमेरिकेत १९९८ ते २००४ दरम्यानच्या पसॅट गाड्यांत याच कुटुंबातलं १.८ टर्बो इंजिन होतं. त्यांत ऑइल घट्ट होऊन काळा गाळ साचायचा. तक्रारी इतक्या आल्या की कंपनीने २००४ मध्ये त्या गाड्यांची या बिघाडासाठीची वॉरंटी आठ वर्षांपर्यंत वाढवली. पसॅटमध्ये इंजिन उभं बसतं, ऑक्टाव्हियात आडवं, त्यामुळे दोन्हींची परिस्थिती तंतोतंत सारखी नाही. पण रोग तोच. गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो, दाब कमी होतो आणि सर्वांत आधी मरतो तो टर्बो.

दुसरी नाजूक जागा टर्बोला ऑइल देणारा बारीक पाइप. तो गरम मॅनिफोल्डजवळून जातो, आतलं ऑइल भाजून कोळसा होतं आणि नळी हळूहळू बंद होते. हायवेवरून भरधाव येऊन ढाब्यावर थेट चावी फिरवली की हे लवकर होतं. फिरणं थांबलेल्या, तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑइल तिथेच जळतं. यासाठी पाच-पाच मिनिटं आयडलला उभं राहायची गरज नसते. शेवटचे दोन किलोमीटर निवांत चालवले तरी पुरतं. अगदी घाटातून जोरात आलात तर मिनिटभर थांबा.

धूळ हे तिसरं कारण. फिल्टरच्या डब्याची क्लिप तुटलेली असेल तर वाळूचे कण दीड लाख फेऱ्यांनी फिरणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पात्यांवर आपटतात. काढलेल्या टर्बोची पाती पुढच्या कडेला झिजून बोथट झालेली दिसली तर दोष फिल्टरचा. शाफ्ट निळा-काळा पडला असेल तर ऑइल मिळालं नाही. बेअरिंगवर बारीक रेघा असतील तर ऑइल घाण होतं. म्हणून जुना टर्बो भंगारवाल्याला देण्याआधी मालकाने स्वतः बघावा, फोटो काढावेत.

दुरुस्ती, नवा की रिबिल्ड?

पर्याय तीन. अख्खा नवा मूळ टर्बो, मधला फक्त कोर (शाफ्ट, बेअरिंग, दोन्ही चाकं), किंवा रिबिल्ड किट. बाहेरचं लोखंडी घर तडकलेलं नसेल आणि वेस्टगेटची बैठक शाबूत असेल तर चांगल्या कंपनीचा कोर हा या गाडीसाठी सर्वांत समंजस पर्याय. घरात केसासारख्या चिरा बऱ्याचदा असतात, त्या वेस्टगेटच्या भोकापर्यंत पोचल्या असतील तर पैसे घरावर घालू नयेत.

रिबिल्डला हरकत नाही, पण बॅलन्सिंग झालंच पाहिजे. दीड लाख फेऱ्यांना मिलिग्रॅमचा फरकही बेअरिंग खातो. साध्या लेथवर हे काम होत नाही, त्याला खास मशीन लागतं आणि ते मशीन चाचणीचा छापील कागद देतं. "बॅलन्स केलंय" असं तोंडी सांगणाऱ्याकडे तो कागद मागावा. सोलापुरात सोय नसेल तर टर्बो पार्सलने पुण्याला पाठवणं, पुन्हा सगळं खोलण्यापेक्षा स्वस्त.

बसवताना ऑइल येण्याचा पाइप नवाच घालायचा, जुना साफ करून नाही. परत जाणारा पाइप आरपार स्वच्छ हवा. ऑइल पॅन उतरवून पंपाची जाळी बघायचीच. हे काम टाळणं ही नवा टर्बो जाण्याची सर्वांत सामान्य वाट आहे. इंटरकूलर आणि पाइपमधलं जुनं ऑइल, धातूचा चुरा धुऊन काढायचा. ऑइलच्या जोडांवर सिलिकॉन पेस्ट लावायची नाही, तिचा सुटलेला तुकडा नळीत अडकतो. तिथे गॅस्केट आणि तांब्याचे वॉशरच.

टर्बोत आधी हाताने ऑइल ओतायचं. मग कॉइलचे आणि इंजेक्टरचे प्लग काढून ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत इंजिन नुसतं फिरवायचं. त्यानंतर चालू करून काही मिनिटं आयडलला ठेवायचं, रेस अजिबात नाही. पहिल्या दहा सेकंदांत कोरड्या फिरलेल्या नव्या टर्बोचं आयुष्य तिथेच कमी झालेलं असतं. ऑइल फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४०, डब्यावर व्हीडब्ल्यू ५०२.०० लिहिलेलं. गाडी जुनी, गाव उष्ण आणि फेऱ्या छोट्या असतील तर दर पाच ते सात हजार किलोमीटरला किंवा वर्षाला बदलायचं. पहिला बदल हजार किलोमीटरवर, कारण नवं ऑइल जुना गाळ सोडवून आणतं. इतकं सगळं खोललेलंच आहे तर टायमिंग बेल्टची तारीखही बघून घ्यावी. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

आणि आरटीओ

२००४-०५ ची पेट्रोल गाडी १५ वर्षांनंतर पुन्हा नोंदवावी लागते आणि पुढे दर पाच वर्षांनी. २०२२ पासून १५ वर्षांवरील मोटारींसाठी हे शुल्क ५,००० रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांवरील हलक्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये केलं. पर्यावरण कर आणि तपासणी वेगळी. म्हणजे एमएच-१३ पाटीची जुनी आरएस तपासणीला न्यायची असेल तर टर्बोचं काम त्याआधी उरकलेलं बरं. निळा धूर सोडणारी गाडी पीयूसीच्या नळीसमोरच अडकते, आणि तपासणीच्या आदल्या दिवशी घाईत शोधलेला बिघाड सहसा चुकीचाच निघतो. दाबाची चाचणी, कोड आणि ११५ नंबरच्या गटाचे आकडे या तीन गोष्टींना मिळून अर्धा दिवस लागतो. त्यांची छापील प्रत गाडीच्या फाइलमध्ये ठेवली तर पुढच्या मेकॅनिकला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.